पहिलाच स्कुबा, तोही किनाऱ्यावरनं चालत जाऊन. बेळगाव भागातनं कुठं जाऊ?

खानापुरी_गडी
नमस्कार मंडळी. स्कुबा एकदा करायचाच असं डोक्यात बसलंय. मी आणि धाकटी बहीण, दोघंच. पोहायला दोघांनाही येतं, मी विहिरीत आणि मलप्रभेत शिकलो, ती गोवावेसच्या पूलमध्ये. अडचण एकच, मला बोट लागते. मालवणला किल्ल्यात जाताना एवढंसं अंतर, तेवढ्यातसुद्धा माझा चेहरा पांढरा पडलेला, बहिणीनं फोटो काढून ठेवलाय. म्हणून विचार असा की बोटीतनं उडी मारण्यापेक्षा वाळूवरनं चालत पाण्यात शिरायचं, शोअर डाइव्ह म्हणतात तसलं, ते सोपं पण पडेल. मालवण, कारवार, गोवा, मुरुडेश्वर यातलं नवख्याला कुठलं बरं? शनिवार-रविवार दोनच दिवस मिळतात, गाडी घरची आहे, रविवारी रात्री घरी पाहिजे. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, रील बघून सांगू नका.

टिळकवाडी_एक्सप्रेस
राकसकोपला जा की, ना बोट ना लाटा.
(चेष्टा करायलोय हं. गावाचं पिण्याचं पाणी आहे ते, कुणी उतरू नका.)

मुरुडेश्वर_फॅन
डोळे झाकून नेत्राणी, मुरुडेश्वरासमोरचं बेट. आपल्या बाजूला तिच्याएवढं स्वच्छ पाणी कुठंच नाही, नशीब असलं तर खालचा दगड वरनं दिसतो. मासे विचारूच नका. मालवणात गढूळ पाण्यात हात दिसत नाही आणि लोक पाण्याखाली बिस्किटं चारत फोटो काढतात.

खानापुरी_गडी
नेत्राणीला बोटीनंच जावं लागतं नव्हं?

मुरुडेश्वर_फॅन
होय, बेट किनाऱ्यापासनं साधारण १९ किलोमीटर आत आहे. तासाच्या वर बोट. गोळी घे आणि झोप.

संकेश्वरी_मिरची
बोट लागणाऱ्याला तासभर उघड्या समुद्रात न्यायचं आणि वर टाकी बांधून खाली सोडायचं, चांगला सल्ला आहे. 🙄
आम्ही अंदमानला केला. स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, तिथं गोविंदनगरच्या बीच नंबर दोनला नेमो रीफ म्हणून जागा आहे, ती खरी चालत जायची. तळाला वाळू, उतार एकदम सावकाश, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आधी श्वास घ्यायची प्रॅक्टिस देतात, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकातनं फुंकर मारून कसं काढायचं ते करून घेतात, मगच पुढं. खाली गेल्यावर केशरी-पांढरे क्लाउनफिश दिसले, ते आपल्या घरात, म्हणजे त्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात, अॅनिमोनीत, घुसतात आणि परत डोकं बाहेर काढून बघतात, कोण आलंय म्हणून. खरं एक आहे, ओहोटीला तिथं दगड उघडे पडतात, म्हणून वेळ बघूनच नेतात, आम्हाला सकाळी सहालाच बोलावलेलं, नवरा चहाविना आला म्हणून अख्खा डाइव्ह तोंड पाडून.

खानापुरी_गडी
अंदमान दोन दिवसात कसं होणार ताई. जवळचं सांगा की कुणीतरी.

शिडाचा_वारा
मी मूळचा शहापूरचा, कामामुळं आता वेंगुर्ल्याकडं असतो, फावल्या वेळात डायव्हिंग. जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, किनाऱ्यावरनं म्हणजे सोपं ही समजूत आधी काढून टाक. बोटीवर तुला बसल्या जागी सगळं अंगावर चढवतात आणि तू पाण्यात पडतोस, संपलं. किनाऱ्यावरनं जाताना ती टाकी, जॅकेट, शिशाचा पट्टा, सगळं मिळून वीस किलोच्या वर जातं, ते अंगावर घेऊन मऊ वाळूत चालायचं आणि वर लाटा फुटतात नेमक्या त्या पट्ट्यातनं पार व्हायचं. तो पट्टा दहा-पंधरा पावलांचा असतो, खरं माणूस पडतो तो तिथंच. एकदा तिथनं पलीकडं गेलास आणि खांद्याएवढं पाणी आलं की सगळं हलकं. परत येताना तोच पट्टा, फरक एवढाच की आता तू दमलेला, थंडी वाजायलीय, पाय लटपटायलेत. म्हणून शोअर डाइव्हची जागा निवडताना मासे, प्रवाळ, व्हिजिबिलिटी हे सगळं नंतर. आधी आत शिरायची आणि बाहेर यायची वाट बघायची. मासे कमी दिसले तरी चालतात.

आता तुझ्या यादीतली नावं घे. कारवार सुंदर आहे, वाळू पण चांगली, खरं काळी नदी तिथंच समुद्राला मिळते, नदीचा गाळ पाण्यात असतो, खाली जाऊन तुला आपले गुडघे दिसले तर दिसले. नदीच्या मुखाशी तर कधीच उतरू नये, ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी एकाच तोंडातनं बाहेर पडतं आणि त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणारा पण टिकत नाही. हेच मालवणजवळच्या देवबागला, तिथं कर्ली नदी मिळते. आणि हो, कारवारला पण एक देवबाग आहे, मॅपवर टाकताना नीट बघ, आमच्या ऑफिसातल्या एकानं हॉटेल एका देवबागला बुक केलेलं आणि माणसं दुसऱ्या देवबागला पोचवलेली.

गोव्यात ग्रँड आयलंड, ते पण बोटीनंच. मुरुडेश्वरचं वर आलंच. राहता राहिलं मालवण-तारकर्ली. तारकर्लीचा किनारा लांबलचक आणि उघडा आहे, लाट सरळ अंगावर येते, टाकी बांधून चालत जायला नवख्याला मी सांगणार नाही. तिथले पर्यटकांचे डाइव्ह सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकात होतात, लहान बोटीनं जायचं, अंतर थोडं. तेव्हा सरळ सांगतो, शनिवार-रविवारात गाठता येईल असा नवख्याला धार्जिणा चालत जायचा स्पॉट आपल्या बाजूला मी तरी दाखवू शकत नाही. जो कोण पैसे घेऊन दाखवेल त्याला खाली लिहिलेलं विचार.

खानापुरी_गडी
खाली काहीच नाही लिहिलेलं दादा 😅

शिडाचा_वारा
जेवायला हाक आली होती.

हं. वाळू आहे का खडक. खडकावर शेवाळ असतं, फिन्स, म्हणजे पायातले रबरी पंखे, घालून त्याच्यावर चालणं म्हणजे कपाळमोक्ष. उतार सावकाश आहे का चार पावलांवर खोल. तळ वाळूचा असला तर पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, वाळूत पाकट बसलेली असली तर ती आधीच सटकते. जेट स्की, बनाना बोट, पॅरासेलिंग त्याच पाण्यात चालतं का, चालत असलं तर ती जागा बाद, तू वर डोकं काढशील तेव्हा स्पीड बोटवाल्याला तू नारळाएवढाच दिसणार. कोळ्यांची जाळी लागतात का. बाहेर यायला दुसरी वाट आहे का, म्हणजे आत गेलास तिथं लाट वाढली तर बाजूला कुठनं निघता येईल.

आणि टाकी बांधायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतं किनाऱ्यावर बसून पाणी बघायचं. लाटा कळपानं येतात, चार-पाच मोठ्या, मग जरा उसंत. ती उसंत ओळखता आली की आत शिरायची वेळ कळते. एखाद्या ठिकाणी लाट फुटतच नाही, पाणी सपाट आणि फेस बाहेरच्या बाजूला वाहताना दिसतो, नवख्याला वाटतं अरे वा हीच शांत जागा. तोच बाहेर ओढणारा प्रवाह. त्यात सापडलास तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं, मग आत वळायचं.

टिळकवाडी_एक्सप्रेस
एवढं वाचून मी आता पूलमध्ये पण उतरणार नाही.

चिक्कोडीची_काकू
घाबरवू नका रे पोराला. मी पन्नाशी ओलांडल्यावर मालवणात केला, भाच्याच्या हट्टानं. जिथं पहिल्यांदा गेलतो तिथं (नाव सांगत नाही) दोन मिनिटात सगळं उरकलं, हे तोंडात धरा, नाक विसरा, चला. मी म्हटलो, मी नाही जात. पैसे राहू देत. मग दुसरा एक पोरगा भेटला, त्यानं कमरेएवढ्या पाण्यात उभं करून मला तोंडानं श्वास घ्यायला लावला, दहा मिनिटं तेच, डोकं खाली, डोकं वर. तिथंच भीती गेली बघ. नंतर खाली गेल्यावर पिवळ्या पट्ट्यांचे मासे अंगावरनं गेले, मला इतका आनंद झाला की मी अंगठा वर केला, मस्त म्हणून, तर त्यानं मला सरळ वर आणलं! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे वर चला. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. हे आधी सांगितलेलं म्हणे, खरं कानात पाणी गेलेलं तेव्हा.
परत खाली न्यायला दुसरे पैसे मागितले नाहीत, एवढं बरं.

खानापुरी_गडी
काकू 🙏 एक नंबर. म्हणजे मालवणात करता येईल, बोट थोडीच असते म्हणून. खरं मला मळमळलं तर?

डॉक्टरीणबाई_निपाणी
बोट चालू असताना त्रास कमी होतो, नांगर टाकून उभी राहिली की हेलकाव्यानं वाढतो. त्यामुळं बोटीवर ताटकळत बसवणारा बॅचवाला नको, पहिल्या बॅचला जा. लाटांच्या वर तरंगताना पण मळमळतं, चार-पाच मीटर खाली गेलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. गोळी घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच, काही गोळ्यांनी झोप येते आणि पाण्याखाली झोपाळलेला माणूस कुणालाच नको असतो. त्याच गोळीनं आपल्याला काय होतं ते आधी घरी एखाद्या सुट्टीला बघून ठेवा.

त्याहून महत्त्वाचे कान. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो, म्हणजे दहा मीटरला जमिनीवरच्या दुप्पट. पहिल्या काही मीटरातच बदल सगळ्यात जास्त जाणवतो, उथळ आहे म्हणून कान वाचतो असं नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायला लागायच्या आधी, आणि दर थोड्या अंतराला. दुखलं तर थांबायचं, थोडं वर यायचं, परत करून बघायचं, नाही जमलं तर डाइव्ह सोडायचा. सर्दी असेल तर जायचंच नाही, पैसे भरले असले तरी. दमा, फिट येण्याचा त्रास, हृदयाचा आजार, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. लोक "नाही, नाही, नाही" अशा टिका मारत जातात, वाचत पण नाहीत.

आणि पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. विहिरीत पोहणाऱ्यांना हीच सवय असते, बुडी मारली की छाती भरून श्वास धरायचा. टाकीतली हवा घेऊन श्वास धरला आणि तसंच वर आलात तर फुफ्फुसातली हवा फुगते आणि इजा होते, अगदी थोड्या खोलीवरनं सुद्धा. खानापुरी, हे तुमच्यासाठी खास.

खानापुरी_गडी
बाप रे, हे कुणीच नव्हतं सांगितलं. नोट केलं. मग असं करतो, शनिवारी पहाटे निघतो, शिनोळी-चंदगड-आंबोली करून मालवण, दुपारी डाइव्ह, संध्याकाळी जेवून रात्री घाट चढून घरी. रविवार आराम.

डॉक्टरीणबाई_निपाणी
थांबा. हा भाग मला सांगायचाच होता. डाइव्ह करून त्याच दिवशी घाट चढायचा नाही.

पाण्याखाली श्वास घेताना जादा नायट्रोजन अंगात मुरतो, तो नंतर सावकाश बाहेर पडतो. वरचा दाब एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून डाइव्ह करून लगेच विमानात बसत नाहीत, एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, बरेच डाइव्ह किंवा बरेच दिवस केले तर १८ तास थांबायला सांगतात. ही शिफारस साधारण २००० ते ८००० फुटांच्या दाबासाठी आहे. विमानाच्या आतला दाब त्यात येतो, आणि आपलं बेळगाव पण. बेळगाव समुद्रसपाटीपासनं अडीच हजार फुटांच्या आसपास आहे, आंबोली दोन हजारांच्या वर, चोर्ल्यानं आलात तरी तेच. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, म्हणून तिकडचा डाइव्हवाला सांगेलच असं नाही. आपण घाटमाथ्याची माणसं, आपण विचारायचं.

मुरुडेश्वर_फॅन
मॅडम, पाच मीटरच्या वीस मिनिटाच्या डाइव्हला कशाचा नायट्रोजन. सगळा बेळगाव-कोल्हापूर त्याच दिवशी परत येतो, कुणाला काय झालेलं ऐकलं नाही.

डॉक्टरीणबाई_निपाणी
इतक्या उथळ आणि थोड्या वेळात धोका कमीच असतो, मान्य. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला आपण नक्की किती खोल गेलो, किती वेळ होतो, हे माहीत नसतं, ते मोजणारा कॉम्प्युटर गाइडच्या मनगटावर असतो. आणि दोन दिवस हाताशी असताना रात्रीचाच घाट कशाला? एक रात्र राहिल्यानं काय बिघडतंय?

संकेश्वरी_मिरची
शिवाय दिवसभर पाण्यात दमून रात्री आंबोली घाट, धुक्यात. नायट्रोजन राहू दे बाजूला.

शिडाचा_वारा
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. आणि दुपारी डाइव्ह हा पण बेत बदल. रात्री-पहाटे मतलई वारा जमिनीकडनं समुद्राकडं वाहतो, पाणी गप्प असतं. ऊन तापलं की खारा वारा सुटतो, दुपारी पाण्यावर चुळबूळ वाढते, बोट हलायला लागते, तुझ्यासारख्याचं काम तमाम. सकाळी आठ-नऊच्या आत पाण्यात पाहिजे. म्हणजे शुक्रवारी रात्रीच पोचायचं, शनिवारी सकाळी डाइव्ह, रविवारी दुपारी निघायचं, डॉक्टरांचे १२ काय २४ तास पण होतात.

भरती कधी हे पण बघ. जुन्या लोकांचा हिशोब असा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. अमावस्या-पौर्णिमेला अकरा-सव्वाअकरा, आणि तेव्हा उधाण, पाणी जोरात चढतं-उतरतं, ओढ जास्त, तळ ढवळून निघतो. अष्टमीनंतर भांग असतो, पाण्याची चढ-उतार कमी. मी नवख्याला दशमी किंवा एकादशी सांगतो. भांगाचं पाणी, आणि भरती साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान, म्हणजे नेमकी सकाळी. नक्की वेळ त्या आठवड्याच्या तक्त्यात बघायचीच, हे नुसतं अंदाजाला. कालनिर्णय काढ आणि शनिवारी दशमी-एकादशी कधी येते बघ.

चिक्कोडीची_काकू
एकादशीला मालवणात जाऊन मासे नुसते बघायचे, खायचे नाहीत. आई खूश होईल तुझी.

खानापुरी_गडी
😂😂 आईला हेच सांगतो. महिना कुठला धरू?

शिडाचा_वारा
पावसाळ्यात बंदच असतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात नद्यांचं लाल पाणी समुद्रात असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धर. दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबरचा आठवडा सोडून, तेव्हा पाण्याखाली पण ट्रॅफिक असतं. आणि मालवणचं पाणी नेत्राणीसारखं नसतं हे मनाशी ठरवून जा, चार-पाच मीटर दिसलं तरी चांगला दिवस. तो भाग १९८७ पासनं सागरी अभयारण्य आहे, प्रवाळावर उभं राहायचं नाही, बिस्किटं चारायची नाहीत, कुणी दिली तर नको म्हणायचं.

तारकर्लीला एमटीडीसीची इसदा म्हणून स्कुबाचं शिक्षण देणारी संस्था आहे. डाइव्ह कुठंही कर, खरं आधी पूलमध्ये किंवा कमरेएवढ्या पाण्यात निदान अर्धा तास शिकवणारा निवड. एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं ते विचार, पॅडी म्हणून डायव्हिंग शिकवणारी जगभरची संस्था आहे, तिच्या नियमात पहिल्या डाइव्हला जास्तीत जास्त चार चालतात, मी म्हणेन तुमच्या दोघांना एक घ्या. खोली १२ मीटरच्या पुढं न्यायचीच नसते, तुम्हाला पाच-सहा पुरे. ऑक्सिजनचा सिलिंडर बोटीवर आहे का हे विचारलंस की समोरचा माणूस कसा उत्तर देतो तेवढ्यावरनंच बरंच कळतं.

खानापुरी_गडी
ऑक्सिजन टाकीत असतोच की?

शिडाचा_वारा
टाकीत साधी हवाच असते, दाबून भरलेली, २०० बारच्या आसपास. ऑक्सिजन वेगळा, अपघात झाला तर द्यायला. "टाकीत आहे की ऑक्सिजन" असं उत्तर डाइव्हवाल्यानं दिलं तर चप्पल घालून निघायचं.

संकेश्वरी_मिरची
आणि शोअर डाइव्हची हौस राहिलीच असेल तर ओपन वॉटर म्हणून डायव्हरचा पहिला कोर्स असतो, तो करून मग अंदमानला जा. बालीत तुलांबेनला तर किनाऱ्यापासनं हाकेच्या अंतरावर बुडालेलं जहाज आहे, यूएसएटी लिबर्टी, १९४२ मध्ये टॉर्पेडो लागून किनाऱ्याला आणून टेकवलेलं, १९६३ मध्ये ज्वालामुखी झाला तेव्हा सरकून पाण्यात गेलं. आमच्या दिरानं केलंय. तो म्हणतो जहाज राहू दे, त्या किनाऱ्यावरच्या गोल गोट्यांवरनं टाकी घेऊन चालताना घोटा मुरगळता मुरगळता वाचला.

शिडाचा_वारा
तेच ते. जगप्रसिद्ध स्पॉट आणि गोटे.

खानापुरी_गडी
बहिणीला सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणते मालवण आत्ता आणि अंदमान तुझ्या लग्नानंतर, म्हणजे कधीच नाही. 😑 कॅलेंडर बघून दोन शनिवार काढलेत, त्यातला एक एकादशीचा. उद्या फोन लावतो. आधी कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास, दोघांना एक इन्स्ट्रक्टर, ऑक्सिजन बोटीवर, पहिली बॅच. अजून काही?

डॉक्टरीणबाई_निपाणी
आदल्या रात्री पिणं नको. सकाळी रिकाम्या पोटी पण नको, इडली-चहा एवढं हलकं काहीतरी. आणि कानात मळ असेल तर आठवडाभर आधीच डॉक्टरला दाखवून घ्या, निघायच्या दिवशी काडी घालत बसू नका.

टिळकवाडी_एक्सप्रेस
मागच्या सीटवर एक जागा आहे का रे? मी पाण्यात उतरणार नाही, किनाऱ्यावर बसून तुमच्या चपला राखतो.

खानापुरी_गडी
आहे की. डिझेल अर्धं तुझं.